बाळाचा रिपोर्ट कसा वाचायचा: सातारा-सांगलीकडच्या, गोळ्या चालू असलेल्या आयांसाठी

माझा मुलगा अडीच महिन्यांचा असताना त्याचा ताप उतरेना. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. माझ्या एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या चालू आहेत हे मी डॉक्टरांना आपणहून सांगितलं. त्यांनी शेजारच्या लॅबची चिठ्ठी दिली आणि संध्याकाळी कागद हातात आला: एचआयव्ही रिॲक्टिव्ह. "बाळालाही आहे," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं. त्यानंतर अकरा दिवस आमच्या घरात चूल पेटली ती सासऱ्यांना जेवायला लागतं म्हणून.

बाराव्या दिवशी साताऱ्याला सिव्हिलमध्ये काउन्सेलर मॅडमनी तो कागद बघितला आणि म्हणाल्या, "ही टेस्ट या वयात करून उपयोग नसतो. हे बाळाचं नाही, तुमचंच दिसतंय."

मुलगा आता पहिलीत आहे आणि त्याला एचआयव्ही नाही. माझं नाव-गाव लिहीत नाही. सासर कोरेगाव तालुक्यातलं आणि माहेर तासगावकडचं, एवढं पुरे, कारण माझा अर्धा गोंधळ या दोन जिल्ह्यांच्या मध्ये पडल्यामुळेच झाला. मी डॉक्टर नाही. औषधांच्या मात्रा इथे मुद्दाम लिहिलेल्या नाहीत. त्या बाळाच्या वजनावर ठरतात, त्या तुमच्या केंद्रातूनच घ्या.

आधी हे समजून घ्या, मग पायऱ्या

मोठ्या माणसाची नेहमीची एचआयव्ही चाचणी शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटीबॉडी शोधते. गरोदरपणात आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात जातात. गरोदर बाईला दंडावर धनुर्वाताचं इंजेक्शन देतात ते याच वाटेच्या भरवशावर: टोचतात आईला आणि संरक्षण मिळतं बाळालाही. एचआयव्हीच्या अँटीबॉडीही त्याच वाटेने जातात, विषाणू गेलेला असो वा नसो. बहुतेक बाळांच्या अंगातून त्या ९ ते १२ महिन्यांत निघून जातात, काहींना १८ महिने लागतात. म्हणून दीड वर्षाच्या आतल्या बाळाची ही चाचणी पॉझिटिव्ह आली तर आई पॉझिटिव्ह आहे एवढंच कळतं, आणि ते तर आपल्याला आधीच माहीत असतं.

बाळासाठी वेगळी चाचणी लागते, पीसीआर. ती अँटीबॉडीच्या मागे न लागता विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधते. सरकारी केंद्रात तिला कोणी डीबीएस म्हणतं (कार्डावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरून), कोणी ईआयडी (बाळाचं लवकर निदान), कोणी डीएनए पीसीआर. नवीन कागदांवर टीएनए पीसीआर असंही दिसेल. नावं वेगळी असली तरी आपल्यासाठी काम एकच. आपल्या देशात ही सोय सरकारी कार्यक्रमात २०१० पासून आहे आणि ती फुकट आहे. खाजगीत हजारो रुपये मोजायची गरज नाही.

कुठलाही कागद हातात आला की रिॲक्टिव्ह किंवा पॉझिटिव्ह या शब्दाकडे बघण्याआधी तीन गोष्टी शोधा. चाचणी कुठली केली? त्या दिवशी बाळाचं वय किती होतं? तेव्हा अंगावरचं दूध चालू होतं का? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय तो कागद वाचायचाच नाही. तुम्हीही नाही आणि शेजारच्या कंपाउंडरनेही नाही.

१. बाळंतपणाआधी: व्हायरल लोड आणि माहेरची चिठ्ठी

आईने काहीच उपचार घेतले नाहीत तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. गोळ्या वेळेवर घेतल्या आणि बाळाला औषध दिलं तर हे प्रमाण शंभरात पाचच्याही खाली येतं. म्हणजे बाळाच्या रिपोर्टची खरी तयारी तुमच्या स्वतःच्या गोळ्यांपासून सुरू होते.

आठव्या-नवव्या महिन्यात, म्हणजे ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ती तपासणी, झाली का हे एआरटी सेंटरला विचारा. आकडा हजाराच्या खाली असला, गोळ्या बऱ्याच आधीपासून चालू असल्या, तर बाळाला साधारण एक औषध देतात. आकडा जास्त असला, किंवा लागण अगदी शेवटी कळली असली, तर दोन औषधं देतात आणि तीही जास्त दिवस. हा कागद बाळंतपणाच्या पिशवीत वरच ठेवा. रात्री दोन वाजता ड्यूटीवरच्या सिस्टरला तुमचा इतिहास सांगायची ताकद तुमच्यात नसणार.

आता माहेरचा मुद्दा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. माझं नाव साताऱ्याच्या एआरटी सेंटरला आणि बाळंत झाले सांगली जिल्ह्यात. साताऱ्याला वाटलं सांगलीकडे बघतील, सांगलीला वाटलं बाई साताऱ्याची आहे. बाळाचा सहा आठवड्यांचा नमुना या दोन वाटण्यांच्या मधे राहिला. चूक माझीही होती, मी कुठेच विचारलं नाही. तुम्ही सातव्या महिन्यात माहेरी निघण्याआधी तुमच्या काउन्सेलर मॅडमना सांगा: बाळंतपण अमुक ठिकाणी, तिथे इतके महिने राहणार. त्या तिकडच्या केंद्राच्या नावाने चिठ्ठी देतात आणि फोन करतात. तिकडच्या काउन्सेलरचा नंबर तुमच्या फोनमध्ये घ्या. नाव 'मावशी सांगली' असं टाकलंत तरी चालेल. मी तसंच टाकलं होतं.

विचारायला ठिकाणं: सातारचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. गेटवर एचआयव्ही हा शब्द काढायची गरज नाही, "आयसीटीसी कुठाय?" एवढं विचारायचं. आयसीटीसी म्हणजे सरकारी दवाखान्यातलं एचआयव्हीचं सल्ला आणि तपासणी केंद्र. काहीच सुचलं नाही तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे. तिथे नाव सांगावं लागत नाही.

ऊसतोडीला आलेल्या बायांसाठी एक सांगते. फडावर असताना बाळाची तारीख आली तर गावी जाण्याची वाट बघू नका. तुमचं एआरटीचं पुस्तक घेऊन जवळच्या आयसीटीसीत जा. मुकादमाला लसीकरण म्हणून सांगा, ते खोटंही नसतं.

२. जन्मल्यापासून: औषध, आणि गुटीचं प्रकरण

जन्मल्यावर लवकरात लवकर बाळाला नेव्हिरापिनचं किंवा झिडोवुडिनचं पातळ औषध सुरू होतं. किती मिली आणि किती आठवडे, हे बाळाचं वजन, तुमचा व्हायरल लोड आणि तुम्ही अंगावर पाजणार की नाही यावर ठरतं. सुट्टी होताना बाटली हातात आहे ना, मोजायची सिरिंज आहे ना, पुढची बाटली कुठून मिळणार, आणि बाळाने ओकारी काढली तर पुन्हा द्यायचं का, हे चारही प्रश्न तिथेच विचारा. घरी गेल्यावर हे सांगायला कोणी नसतं.

बीसीजीची लस नेहमीप्रमाणे देतात. "आई पॉझिटिव्ह आहे, बीसीजी नको" असं कोणी म्हणालं तर डॉक्टरांकडून खात्री करून घ्या, बाळ ठणठणीत असताना थांबवायचं कारण नसतं.

दुधाबद्दल सगळ्यात जास्त घोळ होतो. सरकारी सल्ला असा: आईच्या गोळ्या नीट चालू असतील तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. ज्या आईला अंगावर पाजायचं नाही किंवा पाजता येत नाही, तिने पहिल्या दिवसापासून फक्त वरचं दूध द्यायचं. ते स्वच्छ, उकळलेल्या पाण्यातलं, वाटी-चमच्याने, आणि रोज परवडेल याची खात्री करून. दोन्ही मिळून द्यायचं नाही. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, अधूनमधून पाणी, यात बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि दुधातल्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते.

आता आपल्याकडचं 'अधूनमधून' म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. जन्मल्याबरोबर मधाचं बोट. बाराव्या दिवसापासून सहाणेवर उगाळलेली गुटी: हळकुंड, वेखंड, जायफळ, मुरडशेंग, खारीक, बदाम. रडलं की ग्राइप वॉटर, उन्हाळा असला की चमचाभर पाणी. माझ्या आईने सहाण धुऊन तयार ठेवली होती. आईला माझं सगळं माहीत होतं, तरी गुटीत काय वाईट असणार हे तिच्या डोक्यात शिरेना. सासरी तर कोणालाच काही माहीत नव्हतं.

मी बहाणे शोधत बसले. नंतर लक्षात आलं की बहाणा लागतच नाही. पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, हा सल्ला गावातल्या प्रत्येक बाळासाठी आहे. आशाताई सांगते आणि दवाखान्यात भिंतीवर लिहिलेलंही असतं. आशाताईंना तुमचं माहीत नसलं तरी चालतं. त्यांना म्हणा, "ताई, आमच्या घरात गुटी देतायत, जरा येऊन समजावून सांगा." त्या येतात आणि अगदी मनापासून ओरडतात. माझ्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, त्यांनीच गप्प केलं.

स्तनाला चिरा पडल्या, गाठ आली, रक्त आलं तर त्या बाजूचं पाजणं थांबवून त्याच दिवशी दाखवा. आंघोळ, मालिश, पापी, एका अंथरुणात झोपणं, यांतून काही होत नाही. मालिशवाल्या मावशींना सांगायची काहीच गरज नाही.

३. सहा आठवडे: टाचेतलं रक्त

ही मुख्य पायरी. जन्मताना लागण झाली असेल तर विषाणू चाचणीत दिसण्याइतका वाढायला काही आठवडे जातात, म्हणून पहिल्या दिवशीचा चांगला रिपोर्ट पुरत नाही. सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस. कॅलेंडरवर बाळाच्या जन्माच्या वारापासून सहा वार मोजा आणि गोल करा.

इथे दुसरी अडचण येते, सव्वा महिना. बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, बाळाला नजर लागते, पाचवी झाली पण अजून देवाला नेलं नाही. सव्वा महिना ३७-३८ दिवसांत संपतो आणि आपली तारीख ४२ व्या दिवशी येते. म्हणजे म्हाताऱ्यांचा मानही राहतो आणि तारीखही चुकत नाही. शिवाय पेंटाव्हॅलंट, पोलिओ वगैरेंचा पहिला डोस याच सहाव्या आठवड्यात असतो. "लसीला नेते" म्हणून निघायचं. लस घ्यायची आणि नमुनाही द्यायचा. मला हे कोणी सांगितलं असतं तर माझं बाळ उपकेंद्रात लस घेऊन तसंच परत आलं नसतं.

जायच्या आदल्या दिवशी फोन करा. डीबीएस घेणारे टेक्निशियन रजेवर असले किंवा कार्ड संपलेली असली तर ५० किलोमीटर हेलपाटा पडतो. सकाळीच पोहोचा, कारण कार्ड वाळवायला काही तास लागतात आणि दुपारी तीननंतर गेलात तर "उद्या या" ऐकावं लागतं.

पिशवीत हे असू द्या:

– तुमचं एआरटीचं पुस्तक किंवा कार्ड, आणि शेवटच्या व्हायरल लोडचा कागद
– माता-बाल संरक्षण कार्ड
– बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड (जन्मवजन आणि तारीख त्यावर असते)
– बाळाच्या औषधाची बाटली, रिकामी असली तरी
– माहेर-सासर बदल असेल तर आधीच्या केंद्राची चिठ्ठी
– दोन फोन नंबर, त्यातला एक तुमचा स्वतःचा
– बाळाला पायमोजे, गरम कपडा, जादा दुपटं

पायमोजे शेवटी लिहिले, पण हसू नका. पाय गार असला की टाचेतून रक्त येत नाही आणि पुन्हा टोचावं लागतं. आमच्या वेळी मॅडमनी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं टाचेला धरलं, पाय खाली सोडून धरला आणि टाचेच्या मधे न टोचता कडेला टोचलं. पहिला थेंब पुसून टाकला. मग जाड कागदाच्या कार्डावर छापलेल्या पाच गोलांपैकी एकेका गोलात एकेक थेंब पडू दिला. मी तेव्हा त्याला पाजत बसले होते. तो एकदा दचकला, रडला आणि पुन्हा चोखायला लागला. माझंच रडू बराच वेळ थांबेना.

ते कार्ड उन्हात न ठेवता सावलीत, आडवं ठेवून किमान चार तास वाळवतात. मग ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत पाकिटात बंद करून ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवतात. बर्फ लागत नाही, म्हणूनच खेड्यातून साध्या कुरिअरने जाऊ शकतं. गोल अर्धवट भरले, किंवा थेंबावर थेंब टाकला, तर प्रयोगशाळा नमुना परत करते. म्हणून निघण्याआधी कार्डाकडे नजर टाका, गोल भरलेले दिसतायत का. विचारायला लाजू नका.

याच दिवशी बाळाला कोट्रिमोक्साझोल सुरू होतं. ते एचआयव्हीचं औषध नाही. लागण झालीच असेल तर या वयात न्यूमोनिया फार लवकर गाठतो, त्यापासूनची ही राखण. अंतिम निकाल लागेपर्यंत ते चालू ठेवायचं. आमच्या घरी ते 'ताकदीचं औषध' म्हणून दीड वर्ष फळीवर होतं.

एक बारीक गोष्ट, पण लक्षात ठेवा. तुमच्या रिपोर्टवर एचआयव्ही-२ (विषाणूचा दुसरा प्रकार) लिहिलं असेल तर ते टेक्निशियनला आधीच दाखवा. ही पीसीआर एचआयव्ही-१ साठीची आहे. एचआयव्ही-२ असलेल्या आईच्या बाळाला या चाचणीचं निगेटिव्ह उपयोगाचं नाही, त्याचा मार्ग एआरटी सेंटरचे डॉक्टर वेगळा सांगतात.

४. वाट बघण्याचे दिवस

रिपोर्टला किती दिवस लागतील याचा नेम नसतो, काही आठवडेही जातात. दर सोमवारी फोन करायचा असं मी ठरवून टाकलं होतं. रोज केला तर मॅडम वैतागतात आणि केलाच नाही तर तुमचा कागद इतरांच्या गठ्ठ्यात पडून राहतो. रिपोर्ट आशाताईंकडे किंवा गावातल्या दुसऱ्या कोणाकडे पाठवू नका, असं स्पष्ट सांगा. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार बाळाची चाचणी पालकाच्या संमतीशिवाय होत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं केंद्राला बंधनकारक आहे.

या दिवसांत बाळाचं वजन वाढत नाही, तोंडात पांढरा थर येतो आणि पुसला तरी जात नाही, जुलाब थांबत नाहीत, श्वास भराभर चालतो, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. आजारी बाळाची तपासणी मधल्या कुठल्याही वयात पुन्हा करता येते.

आणि माझ्यासारखं खाजगी लॅबकडे वळू नका. "तोपर्यंत एक साधी टेस्ट करून बघू" असं घरातलं कोणी म्हणेल. माझ्याच बाबतीत ह्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये परत तीच टेस्ट करायचा हट्ट धरला होता. परत तोच कागद मिळाला असता आणि आम्ही आणखी अकरा दिवस रडलो असतो.

५. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला तर

पेढे वाटू नका, इतकंच म्हणते. निगेटिव्हचा अर्थ असा की सहा आठवड्यांपर्यंत विषाणू सापडला नाही. दूध चालू आहे तोपर्यंत धोका पूर्ण संपत नाही. तुमच्या गोळ्या एका दिवसाचीही सुट्टी न घेता चालू राहिल्या तर तो फार कमी राहतो. ज्यांचं बाळ पुढे पॉझिटिव्ह निघालं अशा ज्या दोघी-तिघी मला केंद्रात भेटल्या, त्यांनी मधे गोळ्या सोडल्या होत्या. एकीने लग्नाच्या गर्दीत, एकीने नवऱ्याला कळू नये म्हणून. कोट्रिमोक्साझोलही थांबवायचं नाही. पुढची तारीख त्याच दिवशी कार्डावर लिहून घ्या.

६. पॉझिटिव्ह आला तर

ज्यांना या पायरीची गरज आहे त्यांनी ही सावकाश वाचा.

पहिल्या पॉझिटिव्हनंतर लगेच दुसरा डीबीएस नमुना घेतात, खात्रीसाठी. दोन्ही जुळले नाहीत तर आणखी तपासतात. हे सगळं चालू असताना बाळाला एआरटी सेंटरमध्ये नोंदवायचं, घरी बसून दुसऱ्या रिपोर्टची वाट बघायची नाही. औषध कुठल्या दिवशी सुरू करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील, पण तुम्ही त्यांच्यासमोर लवकर उभं राहायला हवं.

घाई का, तर मोठ्या माणसासारखी वर्षं इथे हातात नसतात. उपचार न मिळालेल्या बाधित बाळांपैकी जवळजवळ निम्मी दोन वर्षांची होण्याआधी जातात, आणि सर्वात जास्त मृत्यू पहिल्या काही महिन्यांतच होतात. दक्षिण आफ्रिकेतल्या 'चेर' नावाच्या अभ्यासाचे निकाल २००८ मध्ये छापून आले. ज्या बाळांना लक्षणांची वाट न बघता लगेच औषध दिलं, त्यांच्यातले मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर "बाळ तर छान दिसतंय" म्हणत नाहीत आणि औषध सुरू करतात ते त्यामुळे. छान दिसणाऱ्या बाळालाच ते द्यायचं असतं.

आता पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या आहेत, पूर्वीच्या कडू पातळ औषधाएवढा छळ राहिलेला नाही. माझ्या ओळखीच्या एका ताईंची मुलगी तीन महिन्यांची असल्यापासून औषधावर आहे. आता चौथीत आहे, कबड्डी खेळते, आणि गोळीला 'सकाळची' एवढंच म्हणते. या बाळांनी अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायला सांगतात.

बाळाचा बाप, आजी, कोणाला कधी सांगायचं हे काउन्सेलर मॅडमशी बोलून ठरवा. रिपोर्टच्या दिवशीच घरात जाहीर करू नका. त्या दिवशी कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं आणि बोललेलं परत घेता येत नाही. सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून एचआयव्हीच्या कामात आहे. सरकारी खिडकीवर ज्यांना बोलायला जड जातं त्यांनी तिथे चौकशी करावी.

७. सहा महिने आणि बारा महिने

या दोन तारखांना पद्धत थोडी बदलते. आधी साधी अँटीबॉडी चाचणी करतात. ती निगेटिव्ह आली तर पीसीआर लागत नाही, कारण आईकडून आलेल्या अँटीबॉडीच संपलेल्या असतात. ती रिॲक्टिव्ह आली तरच डीबीएस घेतात. म्हणजे सहाव्या महिन्यात बाळाच्या कागदावर रिॲक्टिव्ह दिसणं अगदी नेहमीचं आहे. माझ्या मुलाचं आलं होतं, डीबीएस निगेटिव्ह आलं. बाराव्या महिन्यात अँटीबॉडीच निगेटिव्ह.

पहिली तारीख चुकली असेल, बाळ चार महिन्यांचं असो की नऊ, तरी जा. केंद्रात बोलणी बसतील या भीतीने बऱ्याच जणी जात नाहीत. मी अडीच महिन्यांनी गेले तेव्हा मॅडम एक वाक्य बोलल्या आणि कार्ड काढायला लागल्या.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू करायचं: भाताची पेज, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, उकडलेलं रताळं. आता अंगावरचं आणि वरचं एकत्र चालतं, आधीचा नियम इथे संपतो. लागण नसलेल्या बाळाचं अंगावरचं दूध साधारण वर्षापर्यंत चालू ठेवून मग सावकाश, महिनाभरात सोडवतात. एका रात्रीत कडुनिंबाचा पाला लावून तोडू नका.

प्रवासाचं म्हणाल तर २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कोरेगावहून साताऱ्याला जाऊन यायला त्यामुळे फार त्रास पडत नाही, दिवस मोडतो तो मोडतोच.

८. अठरा महिने: शेवटचा कागद

आधीचे सगळे रिपोर्ट काहीही असोत, अठरा महिन्यांना चाचणी करायचीच. या वयात आईच्या अँटीबॉडी उरत नाहीत, म्हणून आता मोठ्या माणसासारखीच तपासणी होते, आणि रिॲक्टिव्ह आली तर वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्यांनी खात्री करतात. दूध उशिरापर्यंत चालू असेल तर ते तुटल्यावर तीन महिन्यांनी तपासून मग निकाल पक्का धरतात. मुलं या वयात धावत असतात म्हणून बरेच पालक येणंच बंद करतात. "आता काय, ठणठणीत आहे." एक वर्षाच्या निगेटिव्हवर थांबू नका.

ज्या बाळांचं औषध आधीच सुरू झालंय त्यांच्यासाठी इथे एक मोठा खड्डा आहे. फार लवकर औषध मिळालेल्या मुलांच्या अंगात स्वतःच्या अँटीबॉडी तयारच होत नाहीत कधी कधी, आणि अठराव्या महिन्याची चाचणी निगेटिव्ह येते. ते बघून "बरं झालं" म्हणून गोळ्या बंद करणारे आई-बाप आहेत. पीसीआरने दोनदा खात्री झालेल्या मुलाचा विषाणू गेलेला नसतो, औषधाने दबलेला असतो. गोळ्या चालूच ठेवायच्या.

निगेटिव्ह आल्यावर खिडकीवरून उठण्याआधी ही कामं उरकून घ्या: रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत मागा, कोट्रिमोक्साझोल थांबवायचं का ते डॉक्टरांच्या तोंडून ऐका आणि कार्डावर लिहून घ्या, आणि तुमच्या स्वतःच्या व्हायरल लोडची पुढची तारीख विचारा, कारण बाळाच्या गडबडीत आपली तारीख हमखास चुकते. माझी चुकली होती.

तो कागद मी साडीच्या घडीत ठेवला आहे. त्या खाजगी लॅबचा रिॲक्टिव्ह लिहिलेला कागद जाळून टाकला, तो कोणाच्या हाती लागला असता तर मला पुन्हा अँटीबॉडी समजावत बसावं लागलं असतं. मुलाला शाळेत घालताना जन्मदाखला आणि आधार लागलं. एचआयव्हीचा कागद कोणी मागितला नाही, मागायचा अधिकारही कोणाला नाही, म्हणून मीही दाखवला नाही.